ऊती रंगवायला शिकणे : कार्यशाळांविषयी काही आक्षेप

संशोधकांसाठी भरणाऱ्या कार्यशाळांची पत्रके आमच्या टेबलावर नेहमी येऊन पडतात. ‘ऊतींचे अभिरंजन व सूक्ष्मदर्शन : प्रत्यक्ष हाताळणीसह तीन दिवसांचे प्रशिक्षण’ असा काहीसा त्यांचा मथळा असतो. जागा मर्यादित, प्रमाणपत्र दिले जाईल, चहा-भोजनाची सोय केलेली आहे. अशा कार्यशाळांना आम्ही प्रशिक्षणार्थी म्हणून गेलो आहोत, व्याख्याते म्हणून गेलो आहोत आणि दोन-तीन स्वतः भरवल्याही आहेत. त्यामुळे पुढे जी टीका येणार आहे तिचा पहिला रोख आमच्यावरच आहे, हे आधी सांगून टाकलेले बरे.

संशोधकांच्या कार्यशाळांचा विषय शिक्षकांच्या मासिकात कशाला, असे कोणी विचारील. त्याला दोन कारणे आहेत. या कार्यशाळांना येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण उद्या महाविद्यालयात शिकवणार असतात. दुसरे असे, की आम्हाला जो दोष संशोधकांत दिसतो त्याची सुरुवात कांद्याच्या पापुद्र्यापासून, म्हणजे शाळेतच, झालेली असते.

तीन दिवसांत काय होते?

पहिल्या दिवशी सकाळी दीपप्रज्वलन, पाहुण्यांचे स्वागत आणि मनोगते. मग दोन व्याख्याने. दुपारी ‘प्रात्यक्षिक’. चाळीस प्रशिक्षणार्थी एका मायक्रोटोमभोवती गोळा होतात. पुढच्या रांगेतल्या सात-आठ जणांना मेणाच्या ठोकळ्यातून रिबिनीसारखे छेद निघताना दिसतात; मागच्यांना पुढच्यांची डोकी दिसतात. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या हाती एक स्लाइड दिली जाते. तिच्यावरचा छेद आधीच घेतलेला, चिकटवलेला आणि वाळवलेला असतो. समोर काचेच्या बरण्यांची रांग. यात पाच मिनिटे, त्यात एक मिनिट, नंतर नळाखाली दहा मिनिटे. कोणीतरी घड्याळ पाहून ‘आता पुढे’ असे सांगत असते. शेवटी स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली जाते, पडद्यावर जांभळे-गुलाबी चित्र उमटते, मोबाइलवर फोटो काढले जातात. तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्रे.

यात खोटे काहीच नाही. हात खरोखरच स्लाइडला लागलेला असतो. पण ज्या क्षणी निर्णय घ्यावा लागतो, असा एकही क्षण प्रशिक्षणार्थीच्या वाट्याला आलेला नसतो. तुकडा केवढा कापायचा, फॉर्मालिनमध्ये कधी टाकायचा, रंग पुरेसा चढला की नाही, दिसते आहे ते ऊतीतले की आपल्या हातून झालेले, हे सगळे कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असते. स्लाइड चांगली येते, कारण ती बिघडण्याच्या सर्व वाटा आयोजकांनी आधीच बंद केलेल्या असतात. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

रिकाम्या जागा

याची किंमत काय पडते ते एका उदाहरणावरून दिसेल. काही वर्षांपूर्वी एक संशोधक विद्यार्थिनी स्लाइडचे तीन डबे घेऊन आमच्याकडे आली. एक कीटकनाशक अल्प मात्रेत दिल्यास पांढऱ्या उंदरांच्या यकृतावर काय परिणाम होतो, हा तिचा विषय. कीटकनाशक दिलेल्या उंदरांच्या यकृतपेशींत पांढऱ्या, रिकाम्या पोकळ्या दिसत होत्या. न दिलेल्या उंदरांत त्या फारशा नव्हत्या. प्रबंधातले प्रकरण लिहून तयार होते. तिला आमच्याकडून फक्त चांगले फोटो काढून हवे होते.

आम्ही सहज विचारले, ‘तुकडे कोणत्या क्रमाने काढले?’ उत्तर असे मिळाले : न दिलेल्या गटाचे सकाळी, लगेच फॉर्मालिनमध्ये. दिलेल्या गटाचे दुपारी. त्यांचे अवयव सगळ्यांची वजने होईपर्यंत मिठाच्या पाण्यात ठेवलेले होते. शिवाय यकृताचे खंड तसेच अखंड बाटलीत टाकले होते.

ज्यांनी हे काम केले आहे त्यांच्या पोटात येथेच गोळा येतो. प्राणी मेला म्हणजे त्याच्या पेशी लगेच थांबत नाहीत. रक्तपुरवठा तुटल्यावर पेशीतलीच विकरे पेशी पचवू लागतात, पेशी फुगतात, त्यांचा जीवद्रव फिकट आणि जाळीदार दिसू लागतो. फॉर्मालिन हे थांबवते. पण ते ऊतीत शिरते अगदी सावकाश, ताशी साधारण एक मिलिमीटर. म्हणून तुकडा चार-पाच मिलिमीटरपेक्षा जाड नसावा आणि फॉर्मालिन त्याच्या निदान दहापट असावे असा दंडक आहे. अखंड खंडाच्या मध्यापर्यंत ते पोहोचेतो तेथल्या पेशींचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

बरे, त्या पोकळ्या खऱ्याच मानल्या तरी त्या कशाच्या? मेणात बसवण्यापूर्वी ऊती अल्कोहोल आणि झायलीनमधून न्यावी लागते. या दोन्हींत चरबी विरघळून जाते. यकृतात चरबी साठली असेल तर छेदात तिच्या जागी फक्त भोक उरते. ग्लायकोजेनही बरेच निघून जाते आणि फिकट जागा ठेवते. पाणी शिरून पेशी फुगली तरी पोकळीच दिसते. म्हणजे नेहमीच्या स्लाइडवरची रिकामी जागा एवढेच सांगते, की येथे रंग धरणारे काही उरलेले नाही. चरबी आहे का हे पाहायचे तर ऊती गोठवून छेद घ्यायचे आणि ते ऑइल रेड ओ सारख्या रंगाने रंगवायचे. ग्लायकोजेन पाहायचे तर पी.ए.एस. हे अभिरंजन करायचे, आणि त्याच्या जोडीला, डायास्टेजने ग्लायकोजेन पचवून टाकलेला दुसरा छेद ठेवायचा. यांपैकी काहीच झाले नव्हते. गोठवलेली ऊती राखून ठेवलेली नव्हती आणि प्राणी तर केव्हाच संपले होते.

कीटकनाशकाचा परिणाम कदाचित झालाही असेल. तो झाला की नाही हे त्या तीन डब्यांवरून आता कोणालाच सांगता येणार नाही, हे खरे नुकसान. दोन वर्षांचे काम आणि तेवढे जीव वाया गेले. त्या मुलीकडे अभिरंजनाच्या दोन कार्यशाळांची प्रमाणपत्रे होती. दोन्हीकडे तिला उत्तम स्थिरीकरण केलेली ऊती तयार मिळाली होती. बिघडलेली ऊती कशी दिसते हे तिला कोणी कधी दाखवलेच नव्हते. दोष तिचा कसा म्हणावा?

मिनिटे आणि डोळे

कार्यशाळेत हमखास शिकवले जाते ते हेमॅटॉक्सिलिन आणि इओसिन यांचे दुहेरी अभिरंजन. १८७६ च्या सुमारास ही जोडी वापरात आली आणि आजही जगभरच्या रोगनिदान प्रयोगशाळांची भिस्त तिच्यावरच आहे. एवढी जुनी पद्धत म्हणजे ती सोपी असणार, अशी समजूत होते. ती बरोबर नाही.

हेमॅटॉक्सिलिन हे लॉगवुड नावाच्या मध्य अमेरिकेतील झाडाच्या गाभ्यातून मिळते. ते स्वतः रंग नव्हे. त्याचे ऑक्सिडीकरण होऊन हेमॅटीन बनते, आणि त्याला तुरटीतल्या ॲल्युमिनियमची जोड मिळाली की ते केंद्रकाला घट्ट धरते. कापड रंगवणारे रंग पक्का करण्यासाठी तुरटी वापरतात, तेच हे तत्त्व. आता हे ऑक्सिडीकरण बाटलीत चालूच राहते. नव्या बाटलीतला द्रव आणि अनेक महिने वापरलेला द्रव सारखा रंगवत नाही. जुन्या द्रवावर चकचकीत साय धरते. तो गाळून घेतला नाही तर तिचे काळे-निळे कण छेदावर बसतात आणि नवख्याला ते जंतू किंवा रंगकण वाटतात.

पुढची पायरी नळाच्या पाण्याची. आम्लयुक्त द्रवातून निघालेले केंद्रक लालसर जांभळे असते. किंचित अल्कधर्मी पाण्यात ते निळे होते. कृतीत लिहिलेले असते, ‘नळाखाली दहा मिनिटे’. पण कोणत्या नळाखाली? जड पाण्याच्या गावी जे दोन-तीन मिनिटांत होते ते मऊ पाण्याच्या गावी दहा मिनिटांतही नीट होत नाही. तेथे पाण्यात थोडा सोडियम बायकार्बोनेट आणि मॅग्नेशियम सल्फेट घालावे लागते. उलट हे अल्कधर्मी पाणी नीट न धुता पुढच्या बरणीत गेले, तर इओसिन फिके पडते, कारण त्याला किंचित आम्लता लागते. आपल्या गावी परतलेला प्रशिक्षणार्थी तंतोतंत तीच कृती करतो, स्लाइड बिघडते, आणि तो निष्कर्ष काढतो की ‘आपला हात चांगला नाही’. हाताचा येथे संबंध नाही. कृतीतले आकडे ज्या बाटलीचे, ज्या पाण्याचे आणि ज्या जाडीच्या छेदाचे होते ती बाटली, ते पाणी आणि तो छेद आता समोर नाहीत, एवढेच. मिनिटे ही सुरुवात करण्यापुरती. मधूनच स्लाइड काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरायची, केंद्रकाची कड स्पष्ट दिसते का, मागची भूमी स्वच्छ आहे का ते बघायचे आणि मग पुढे जायचे. हे चाळीस जणांच्या रांगेत करू देता येत नाही, म्हणून शिकवले जात नाही.

प्रतिपिंडांच्या साहाय्याने विशिष्ट प्रथिन शोधण्याची नवी तंत्रे आली तरी हा दोष तसाच राहिला आहे, उलट वाढला आहे. तेथे पेरॉक्सिडेज या विकरामुळे तपकिरी रंग उमटतो. पण हे विकर तांबड्या रक्तपेशींत मुळातच पेरॉक्सिडेजसारखे काम करणारे हिमोग्लोबिन आहे म्हणून, आणि यकृतासारख्या ऊतीत ते स्वतः आहे म्हणून, प्रतिपिंड न घालताही तपकिरी रंग दाखवू शकते. आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने ते निष्प्रभ करावे लागते, आणि प्रतिपिंड न घातलेली एक स्लाइड शेजारी ठेवावीच लागते. कार्यशाळेत तपकिरी स्लाइड सर्वांना दिसते. तिच्या शेजारची रंगहीन स्लाइड बहुतेक वेळा नसते. रंग आला म्हणून टाळ्या पडतात. तो यायला हवा होता का, हा प्रश्न राहून जातो.

सूक्ष्मदर्शकाची उपेक्षा

सूक्ष्मदर्शनाच्या वाट्याला तर बहुधा अर्धा तास येतो. ऑगस्ट कोहलर याने १८९३ मध्ये प्रकाशयोजनेची जी रीत सांगितली ती करायला दोन मिनिटे लागतात. खालचा डायफ्रॅम बारीक करायचा, त्याची कड स्पष्ट दिसेपर्यंत कंडेन्सर वरखाली करायचा, ती मध्यावर आणायची, डायफ्रॅम दृष्टिक्षेत्राबाहेर जाईपर्यंत उघडायचा आणि शेवटी कंडेन्सरचा डायफ्रॅम भिंगाच्या क्षमतेच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश इतका ठेवायचा. आमच्या पाहण्यात संशोधन करणारे कितीतरी जण असे आहेत, की प्रकाश जास्त वाटला की कंडेन्सर खाली ओढतात किंवा त्याचा डायफ्रॅम पार मिटवतात. चित्र गडद होते, कडा ठसठशीत दिसतात आणि समाधान वाटते. प्रत्यक्षात सूक्ष्म तपशील गेलेला असतो आणि त्या कडांपैकी काही प्रकाशाने रचलेल्या असतात. दृश्य प्रकाशात सुमारे ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत, ही अर्न्स्ट आबेने १८७३ मध्ये दाखवलेली मर्यादा. आपण डायफ्रॅम मिटवून ती स्वतःच आणखी वाढवून घेतो. १०० च्या भिंगाचे तेल ४० च्या भिंगाला लागून चित्र धूसर झाले की दोष रंगाला दिला जातो. पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढते तिची गोष्ट वेगळीच.

आज स्लाइड स्कॅन करून संगणकाकडून पेशी मोजून घेता येतात. पण बिघडलेल्या स्लाइडवरच्या पेशीही संगणक तितक्याच तत्परतेने मोजतो, हे विसरता कामा नये.

एकाच रंगाचे दोन वाचक

हाताचे कौशल्य आले म्हणजे सगळे आले, असेही आम्ही म्हणत नाही. इतिहासातले एक उदाहरण येथे फार बोलके आहे. इटलीतील कामिलो गोल्जी याने १८७३ मध्ये पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट वापरून चेतापेशी काळ्या रंगवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिचे वैशिष्ट्य असे, की शेकडो पेशींतली एखादीच रंगते, पण रंगते ती संपूर्ण, अगदी फांद्यांच्या टोकापर्यंत. पद्धत लहरी होती. अनेकांनी ती करून सोडून दिली. स्पेनमधील सांतियागो रामोन इ काहाल याने १८८७ मध्ये माद्रिदला लुईस सिमारो या वैद्याकडे या पद्धतीच्या स्लाइड प्रथम पाहिल्या आणि तो तिच्या मागेच लागला. पद्धत कोठे फसते हे त्याने शोधले. एकदा रंगवून भागत नाही म्हणून तीच क्रिया पुन्हा केली. प्रौढ मेंदूतल्या तंतूंवरील आवरण आड येते म्हणून पक्ष्यांचे आणि सस्तन प्राण्यांचे भ्रूण आणि पिल्ले निवडली. १८८८ पासून त्याने दाखवायला सुरुवात केली, की चेतापेशी एकमेकींत मिसळून जात नाहीत, त्या स्वतंत्र असतात.

गोल्जीने त्याच पद्धतीच्या स्लाइड पाहून अखंड जाळ्याची कल्पना धरली होती. १९०६ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, तेव्हाही आपल्या भाषणात गोल्जी जाळ्याच्याच बाजूने बोलला. दोघेही तंत्रात निष्णात होते. स्लाइड उत्तम असूनही वाचन चुकू शकते, हे यावरून कळते. काहाल यशस्वी झाला तो पद्धतीचे अपयश बारकाईने अभ्यासल्यामुळे. आमच्या कार्यशाळांत हे अपयशच वर्ज्य असते.

आयोजकांची बाजू

आयोजकांचेही ऐकले पाहिजे. स्थिरीकरणाला एक दिवस, मेणात बसवायला एक रात्र. तीन दिवसांत सगळे कसे बसवणार? फॉर्मालिन आणि झायलीन आरोग्याला घातक, चाळीस नवख्यांच्या हाती ती कशी द्यावीत? कमी माणसे घेतली तर शुल्क परवडत नाही. आणि येणाऱ्याची भीती तरी जाते, हे काही थोडे नाही.

शेवटचा मुद्दा आम्हाला मान्य आहे. भीती जाते आणि विषयाची ओळख होते. मग पत्रकात ‘ओळख’ असेच लिहावे. ‘प्रशिक्षण’ म्हटले की त्या प्रमाणपत्राच्या आधारे कोणीतरी उद्या प्राणी मारून प्रयोग करणार असते. बाकीच्या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या संख्येतून आलेल्या आहेत. बारा जण आणि पाच दिवस असे धरले तर त्यांतल्या बऱ्याच सुटतात.

आम्ही असे एकदा करून पाहिले. त्यासाठी एकही प्राणी मारला नाही. खाटकाकडून बकऱ्याचे ताजे यकृत आणले. प्रत्येकाने त्याचे चार तुकडे केले : एक पातळ, लगेच फॉर्मालिनमध्ये, एक पातळ, चार तासांनी, एक जाडजूड, लगेच, आणि एक रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून मग. चारही तुकडे प्रत्येकाने स्वतः शेवटपर्यंत नेले. चौथ्या दिवशी स्लाइडवरच्या चिठ्ठ्या झाकून अदलाबदल केली आणि कोणती कुठली ते ओळखायला सांगितले. पहिल्या फेरीत बहुतेकांचे चुकले. संध्याकाळपर्यंत वाद घालून घालून ओळखू लागले. प्रमाणपत्र तीन महिन्यांनी ठेवले होते : आपल्या गावी, आपल्या पाण्याने केलेली एक चांगली आणि एक बिघडलेली स्लाइड, बिघडण्याच्या कारणासह, घेऊन यायची. सगळे आले नाहीत. जे आले त्यांच्याशी झालेल्या गप्पा आमच्या इतक्या वर्षांच्या व्याख्यानांपेक्षा मोलाच्या ठरल्या, हे मात्र नक्की.

शाळेत काय करता येईल?

नववीच्या वर्गात कांद्याचा पापुद्रा आयोडीनने रंगवून दाखवतात. मुले भिंगातून क्षणभर बघतात आणि पुस्तकातली आकृती वहीत उतरवतात. येथेच ‘बरोबर चित्र’ आधी आणि पाहणे नंतर, अशी सवय लागते. पुढे प्रबंधाच्या वेळी ती सुटत नाही.

यासाठी महाग साहित्य लागत नाही. एकाच कांद्याच्या तीन काचपट्ट्या करा : एक नुसत्या पाण्यात, एक आयोडीनमध्ये, एक मिथिलीन ब्ल्यूमध्ये. प्रत्येकीत काय दिसले आणि काय दिसले नाही ते मुलांना लिहू द्या. एका काचपट्टीवर मुद्दाम हवेचा बुडबुडा येऊ द्या. काळ्या कडेचा तो गोल पेशी आहे की नाही हे त्यांनाच ठरवू द्या. लाल कांद्याच्या रंगीत पापुद्र्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब टाका. पेशीतला जांभळा भाग भित्तिकेपासून सुटून आक्रसतो. मग विचारा : पेशी अशीच असते, की आपण तिला असे केले? आरशाची बाजूही बदलून पाहा. कंडेन्सर नसेल तर अंतर्वक्र, असेल तर सपाट.

एका शाळेत एका मुलीने आम्हाला विचारले होते, ‘सर, गालातल्या पेशीचे केंद्रक खरेच निळे असते का?’ वर्ग हसला. तिच्या बाईंनी मात्र तिला न रंगवलेली काचपट्टी लावून दिली आणि म्हणाल्या, ‘बघ बरं, दिसतंय का.’ पुष्कळ वेळ भिंगाला डोळा लावून ती म्हणाली, ‘आहे, पण निळं नाही.’ संशोधकांच्या कार्यशाळेत आम्ही जे पाच दिवसांत शिकवू पाहतो त्याचा पहिला धडा त्या बाईंनी पाच मिनिटांत दिला होता.